फायटर पायलट जमिनीवर उतरल्यावर काय करतो? छोट्या उद्योजकासाठी आकाशातले सहा धडे



मागच्या व्हिडिओनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. शब्द वेगळे, प्रश्न तोच. "सर, समोरच्याने मोठं मशीन आणलंय. मीपण घेऊ का?"

उत्तर द्यायच्या आधी माझीच गोष्ट सांगतो. ट्रेनर व्हायच्या आधी माझा फ्लेक्स प्रिंटिंगचा धंदा होता. तालुक्याच्या गावी, बसस्टँडजवळ. एक मशीन, दोन पोरं कामाला. निवडणूक आली की रात्रभर काम, एरवी भाऊंचे वाढदिवस, बारशी, दहावीचे सत्कार. बरं चाललं होतं. मग रस्त्यापलीकडे एकाने नवीन, मोठं, वेगवान मशीन आणलं. झालं! मला झोप लागेना. मी अठरा लाखांचं कर्ज काढलं आणि तसलंच मशीन आणलं. पेढे वाटले. महिन्याला एक्केचाळीस हजारांचा हप्ता सुरू झाला.

चौदा महिन्यांनी ते मशीन सात लाखांना विकलं. उरलेलं कर्ज फेडायला पुढची चार वर्षं गेली.

चूक नेमकी कुठे झाली, हे मला त्या वेळी कळलंच नाही. ते कळलं खूप नंतर, आणि तेही एका वेगळ्याच वाटेने. मला लढाऊ विमानांबद्दल वाचायचा नाद आहे. फायटर पायलट आपल्या विमानाबद्दल, ट्रेनिंगबद्दल, लीडरबद्दल कसा विचार करतात हे वाचताना माझं दुकान डोळ्यासमोर यायला लागलं. आज तेच तुमच्यासमोर मांडतोय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. युद्ध म्हणजे धंदा नाही. तिथे माणसाचा जीव जातो. आपला स्पर्धक आपला शत्रू नसतो, संध्याकाळी तो आपल्याच टपरीवर चहा प्यायला येतो. पण एका चुकीची किंमत जिथे जीव असते, तिथली माणसं शिकण्याच्या बाबतीत फार प्रामाणिक असतात. आपल्याला घ्यायचाय तो तो प्रामाणिकपणा.

धडा १ : विमान लहान असलं तरी चालतं, पण त्याची ताकद ओळखा

१९६५ च्या युद्धात आपल्या हवाई दलाकडे 'नॅट' नावाचं विमान होतं. मूळ ब्रिटिश डिझाइन, बेंगळुरूच्या एचएएलने ते इथे बनवलं. इतकं छोटं, की पंखांचा विस्तार सात मीटरच्या आत. समोर पाकिस्तानकडे अमेरिकन 'सेबर'. त्याचे पंख अकरा मीटरहून जास्त. काही सेबरवर उष्णतेचा माग काढणारी क्षेपणास्त्रं होती. नॅटकडे दोन तोफा, बस्स.

कागदावर तुलना केली तर कोणीही म्हणेल, हे पोरगं टिकणार नाही. पण नॅटचा लहानपणाच त्याच्या कामी आला. आकाशात ते पटकन दिसायचंच नाही. झटकन वर चढायचं, झटकन वळायचं. ३ सप्टेंबर १९६५ च्या लढतीसाठी ट्रेव्हर कीलर यांना वीरचक्र मिळालं आणि १९ सप्टेंबरच्या लढतीसाठी त्यांचे भाऊ डेन्झिल कीलर यांना. दोघेही नॅटचे पायलट. पुढे १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर सहा सेबर हल्ला करत असताना निर्मलजितसिंग सेखों यांनी उड्डाण केलं, तेही नॅटमधूनच. ते त्या लढतीत शहीद झाले. हवाई दलातलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे.

आता दुसरी बाजूही ऐका. नॅट काही जादूचं विमान नव्हतं. तोफा अडकायच्या, हायड्रॉलिक्सच्या तक्रारी असायच्या. पायलटांना हे सगळं ठाऊक होतं. म्हणजे त्यांना आपल्या विमानाची ताकद माहीत होती, तशी खोडही माहीत होती. लढाई ते आपल्या ताकदीच्या जागी ओढून न्यायचे.

आता माझं दुकान बघा. माझी ताकद काय होती? गिऱ्हाईक सकाळी फोन करायचं आणि दुपारी बोर्ड उभा राहायचा. डिझाइनमधली शुद्धलेखनाची चूक मी स्वतः पकडायचो. लोक त्यासाठी माझ्याकडे यायचे. मोठ्या मशीनमुळे यातलं काहीच वाढणार नव्हतं. आणि खरं सांगू? माझं जुनं मशीन दिवसातले चार-पाच तासच चालायचं. मी मशीन गरजेपोटी घेतलंच नव्हतं. ते समोरच्याने घेतलं म्हणून घेतलं.

धडा २ : विमान तेच, ट्रेनिंग बदललं, निकाल बदलला

'टॉप गन' सिनेमा तुम्ही पाहिला असेल. गॉगल, बाइक, गाणी. पण खरी टॉप गन कशातून सुरू झाली ते कमी लोकांना माहीत आहे. ती सुरू झाली एका अपयशातून.

व्हिएतनाम युद्धाच्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाकडे जगातलं अव्वल समजलं जाणारं 'फँटम' विमान होतं. तरी हवाई लढतीत निकाल काय? आपलं एक विमान गमावून शत्रूची साधारण दोन पाडायची. नौदलाला हे झेपण्यासारखं नव्हतं. १९६८ मध्ये कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी अहवाल दिला. क्षेपणास्त्रं, देखभाल, ट्रेनिंग, सगळ्यांतल्या उणिवा त्यांनी मांडल्या. त्यातून मार्च १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामार तळावर एक शाळा सुरू झाली. प्रमुख होते डॅन पेडरसन. हाताशी मोजके तरुण इन्स्ट्रक्टर. इमारत? इमारत नव्हती. पडून असलेल्या एका जुन्या ट्रेलरमध्ये वर्ग भरायचे!

त्यांनी केलं काय? नवीन विमान मागितलं नाही. फँटमच्या पायलटांना त्यांनी 'स्कायहॉक' या लहान, चपळ विमानाशी लढायला लावलं, कारण ते शत्रूच्या मिग-१७ सारखं वळायचं. रोज हरायचं, रोज का हरलो ते शोधायचं. शाळेत शिकलेला पायलट आपल्या स्क्वाड्रनमध्ये जाऊन बाकीच्यांना शिकवायचा. १९७२ मध्ये लढाई पुन्हा पेटली तेव्हा नौदलाचा हिशेब एकास बाराच्या आसपास गेला होता. त्याच काळात अमेरिकन हवाई दलाने आपल्या फँटमवर तोफ बसवून विमान सुधारलं होतं, पण त्यांच्या आकड्यात नौदलासारखी उडी दिसली नाही.

मित्रांनो, हे दोनदा वाचा. ज्यांनी मशीन सुधारलं त्यांच्यापेक्षा ज्यांनी माणूस सुधारला ते पुढे गेले.

तुमच्या दुकानातला मुलगा कठीण गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे कधी शिकलाय का? की थेट गिऱ्हाइकावरच शिकतोय? दुकान उघडायच्या आधी पंधरा मिनिटं तुम्ही गिऱ्हाईक बना. घासाघीस करा. चिडा. "समोर वीस रुपये कमी आहे" म्हणा. त्याला हरू द्या. आपल्याच माणसासमोर हरणं स्वस्त पडतं.

धडा ३ : मधली पायरी गाळू नका

हा धडा आपल्या घरचा आहे, आणि कडू आहे.

मिग-२१ आपण १९६३ मध्ये घेतलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला. आपल्या नाशिकच्या ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. जबरदस्त विमान, आवाजाच्या दुप्पट वेगाचं. पण उतरतानाही त्याचा वेग तासाला ३०० किलोमीटरहून जास्त असायचा. नवीन पायलट मात्र 'किरण' किंवा 'इस्क्रा' अशा बऱ्याच हळू विमानांवर शिकून यायचे आणि तिथून एकदम मिग-२१ मध्ये. मध्ये पायरीच नाही.

१९८२ मध्ये एअर मार्शल ला फोंतेन यांच्या समितीने सांगितलं, की मधल्या टप्प्यासाठी प्रगत जेट ट्रेनर घ्या. करार झाला २००४ मध्ये. 'हॉक' विमानं हवाई दलात रुजू झाली २००८ मध्ये, बिदरला, म्हणजे आपल्या उदगीरपासून फार लांब नाही. सल्ला ते विमान, मध्ये सव्वीस वर्षं गेली. या काळात अपघात होत राहिले. कारणं अनेक होती. कधी यंत्रातला बिघाड, कधी पक्षी धडकणं. पण त्या गाळलेल्या पायरीची चर्चा प्रत्येक वेळी व्हायची, आणि उगाच व्हायची असं कोणी म्हणू शकणार नाही.

आज वाट कशी आहे? आधी साधं पिलाटस, मग जेट, मग हॉक, आणि मग खरं लढाऊ विमान. तिथेही पोचल्या पोचल्या कोणी लीडर होत नाही. आधी विंगमन, म्हणजे दुसऱ्याच्या बाजूने उडणारा. मग दोन विमानांचा लीडर. मग चारांचा. प्रत्येक टप्प्यावर परीक्षा.

आपल्याकडे काय होतं? घरी दहा किलो लोणचं विकलं, लोकांनी छान म्हटलं, की थेट फॅक्टरीचा शेड भाड्याने! अहो ताई, मध्ये शंभर किलो आहे. मध्ये दोन दुकानांना नियमित माल देणं आहे, परत आलेल्या बरण्या मोजणं आहे, उधारी वसूल करणं आहे. त्या पायऱ्यांवर जे शिकायला मिळतं ते फॅक्टरीत शिकायला गेलात तर फी फार जबर पडते. मी भरली आहे.

धडा ४ : डिब्रीफ, जिथे खांद्यावरचे पट्टे बाहेर राहतात

हा धडा या लेखाचा गाभा आहे. बाकी सगळं विसरलात तरी हा लक्षात ठेवा.

फायटर पायलट उतरला की घरी जात नाही. तो एका खोलीत जातो. सोबत उडालेले सगळे तिथे बसतात आणि उड्डाणाची चिरफाड होते. याला डिब्रीफ म्हणतात. एक तासाच्या उड्डाणाचं डिब्रीफ कित्येकदा दोन-तीन तास चालतं. जगभरच्या हवाई दलांत ही पद्धत आहे, आणि तिचे नियम साधे आहेत.

पहिला नियम, लीडर सुरुवात स्वतःच्या चुकांपासून करतो. दुसरा, काय झालं ते रेकॉर्डिंगवरून पाहायचं, आठवणीवरून भांडायचं नाही. तिसरा, "कोण चुकलं" यावर थांबायचं नाही, "का चुकलं" इथपर्यंत जायचं. आणि चौथा, त्या खोलीत पद चालत नाही. नवखा पायलट स्क्वाड्रनच्या प्रमुखाला सांगू शकतो, की सर, तुम्ही वळण उशिरा घेतलंत. आणि प्रमुख ते वहीत लिहून घेतो.

आता माझ्या फ्लेक्सच्या गोष्टीचा राहिलेला भाग. मशीन विकून सहा-सात वर्षं झाली होती. एका लग्नात माझा जुना ऑपरेटर भेटला. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. जेवताना विषय निघाला. तो सहज म्हणाला, "साहेब, मला तेव्हाच वाटत होतं. आपलं जुनं मशीनच अर्धा दिवस बंद असायचं."

माझा घास तिथेच थांबला. म्हटलं, "अरे मग बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही. आणि साहेबांना कसं सांगायचं?"

मित्रांनो, अठरा लाखांचं उत्तर माझ्या दुकानात, माझ्यापासून आठ फुटांवर उभं होतं. महिना नऊ हजार पगारावर. मी बँकेला विचारलं, सीएला विचारलं, मशीन विकणाऱ्याला तर दहादा विचारलं. मशीन चालवणाऱ्याला विचारलं नाही.

नुसतं "मोकळेपणाने बोला रे" म्हणून कोणी बोलत नाही. माणसं आपल्या तोंडाकडे बघत असतात. म्हणून पहिली चूक मालकाने स्वतःची सांगायची. "आज त्या गिऱ्हाइकाला मी दर चुकीचा सांगितला." एवढं एक वाक्य. आठवडाभर रोज म्हणा. दुसऱ्या आठवड्यात पोरं बोलायला लागतील. आणि बोलली की रागावायचं नाही. एकदा जरी फिसकटलात, तर पुढची दोन वर्षं कोणी तोंड उघडणार नाही.

धडा ५ : परत कधी फिरायचं, हे उडायच्या आधीच ठरवा

पायलटांच्या भाषेत 'बिंगो' म्हणून एक शब्द आहे. म्हणजे टाकीतलं इंधन इतकं उरलं, की आता तळाकडे वळायचंच. हा आकडा हवेत गेल्यावर ठरवत नाहीत, जमिनीवर डोकं शांत असताना ठरवतात. कारण समोर शत्रू असताना प्रत्येकाला वाटतं, अजून एकच मिनिट, आत्ता पाडतो.

इजेक्शनचंही तसंच. विमान हाताबाहेर गेलं तर कोणत्या उंचीवर सीटचं हँडल ओढायचं हे आधीच पाठ असतं. जगभरात विमान वाचवण्याच्या नादात उशीर करून प्राण गमावलेले पायलट कमी नाहीत. एकट्या मार्टिन-बेकर कंपनीच्या इजेक्शन सीटने आजवर सात हजारांहून जास्त जीव वाचवलेत. विमान दुसरं मिळतं. पायलट घडवायला वर्षं लागतात.

माझा बिंगो ठरलेला नव्हता. चौथ्या महिन्यातच हप्ता खिशातून जायला लागला होता. मी म्हणत राहिलो, दिवाळी येऊ दे, मग निवडणूक येऊ दे. आधी साठवलेलं गेलं, मग बायकोच्या पाटल्या गेल्या, मग वडिलांची एफडी. वडील एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून नवीन काही सुरू करताना वहीत तीन ओळी लिहा. किती पैसे गेले की थांबायचं. किती महिने झाले की थांबायचं. आणि कोणत्या पैशाला हात लावायचा नाही. खाली सही करा आणि घरातल्या एकाची सही घ्या. धंदा बंद करणं ही नामुष्की नाही. धंदा गेला आणि उद्योजक वाचला, तर दुसरा धंदा उभा राहतो.

धडा ६ : पद हवंय की काम?

शेवटचा धडा करिअरचा. जॉन बॉइड नावाचे एक अमेरिकन फायटर पायलट होऊन गेले. नेव्हाडातल्या नेलिस तळावर ते इन्स्ट्रक्टर होते. त्यांची पैज प्रसिद्ध होती. तुम्ही माझ्या मागे, फायद्याच्या जागी राहा. चाळीस सेकंदांत मी तुमच्या मागे येतो, नाही आलो तर चाळीस डॉलर देतो.

पुढे त्यांनी गणितज्ञ थॉमस क्रिस्टी यांच्यासोबत विमानाची ऊर्जा आणि वळण्याची क्षमता मोजायची पद्धत शोधली. तिचा परिणाम एफ-१५ आणि एफ-१६ च्या डिझाइनवर झाला. कोरियाच्या युद्धात मिग-१५ बऱ्याच बाबतींत सरस असूनही सेबर का जिंकायचं, याचाही त्यांनी विचार केला. सेबरच्या बुडबुड्यासारख्या काचेतून पायलटला चहूकडे दिसायचं आणि हायड्रॉलिक कंट्रोलमुळे एका हालचालीतून दुसरीत पटकन जाता यायचं. बघा, समजा, ठरवा, करा, आणि पुन्हा बघा. हे चक्र ज्याचं लवकर फिरतं तो पुढे. हा विचार आज बिझनेस स्कूलमध्ये शिकवला जातो.

एवढं करून बॉइड १९७५ मध्ये कर्नल म्हणूनच निवृत्त झाले. जनरल झाले नाहीत. वरिष्ठांशी त्यांचं फारसं पटत नसे. हाताखालच्या तरुणांना ते सांगायचे, की एक दिवस रस्त्याला फाटा फुटेल. एकीकडे मोठं पद मिळेल, दुसरीकडे खरं काम करता येईल. कुठे वळायचं ते तुम्ही ठरवा.

आपल्या फाट्यावर एका बाजूला असतं मोठं दुकान, मोठी गाडी, व्हिजिटिंग कार्डवर 'एमडी'. दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाचं काम नीट करून देणं. कधी दोन्ही मिळतं. पण निवड आली की आपण कुठे वळतो, हे मी अठरा लाख घालवून शिकलो. मशीन मला कामासाठी नको होतं. रस्त्यापलीकडच्याला दाखवायला हवं होतं.

या आठवड्याचा होमवर्क

फक्त एक काम. रोज दुकान बंद करताना दहा मिनिटं डिब्रीफ. सगळे खाली बसा, चहा मागवा, मोबाइल बाजूला ठेवा. तीन प्रश्न : आज काय ठरलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक का पडला? सुरुवात तुमच्या चुकीपासून. शेवटी उद्या बदलायची एकच गोष्ट वहीत लिहा. एकटेच काम करत असाल तर घरातल्या कोणासमोर बसा. ऐकणारा हवा.

आणि "मशीन घेऊ का?" या प्रश्नाचं माझं उत्तर? मला विचारू नका. आधी मशीन चालवणाऱ्याला विचारा.

सात दिवसांनी तुमच्या वहीत काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा. चूक लिहायला लाजू नका, माझी तर वर लिहिलेलीच आहे. भेटूया पुढच्या व्हिडिओत!